मनहेम नावाची हाक

खाडीच्या काठी वसलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध हजान होऊन गेले. हजान म्हणजे इस्राएली लोकांची प्रार्थना म्हणणारा, त्यांच्या मुलांना इब्रानी, म्हणजेच हिब्रू, अक्षरे शिकवणारा, नामकरण करणारा आणि वेळ आली की मातीही देणारा माणूस. कोकणातले हे इस्राएली लोक तेलाचे घाणे चालवीत, घरीदारी मराठी बोलत आणि शनिवारी बैल सोडून देऊन विसावा घेत. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे आणि त्यांच्या प्रार्थनाघराला मशीद म्हणे. दोन्ही नावांबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती.

हजानांचा एक शिष्य होता. त्याचे नाव मनहेम. गावाने त्याचे केव्हाच मनाजी करून टाकले होते, पण ते त्याला रुचत नसे, कारण मूळ नावाचा त्याला भारी अभिमान होता. कोणी विचारो न विचारो, तो सांगे, "इब्रानीत मनहेम म्हणजे सांत्वन करणारा. ज्या आब महिन्यात यरुशलेमचे मंदिर जळाले, त्या महिन्याच्या नावाआधी आपले लोक हेच नाव जोडतात. आणि जो तारणारा अजून यायचा आहे, त्याचेही नाव मनहेमच असेल, असे जुने पंडित सांगून गेले आहेत." एवढे बोलून तो जरा थांबे. समोरच्याने आपल्याकडे नीट पाहून घ्यावे, एवढाच हेतू. हजान हे ऐकत, "हं" म्हणत आणि पोथीचे पान उलटत.

मुलगा वाईट नव्हता. पाठांतर चोख, आवाज गोड, कामाला वाघ. पण उथळ पाण्याला खळखळाट फार, हे खाडीकाठच्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. हजानांनाही ते दिसत होते. ते वाट पाहत होते.

आब महिन्याची नवमी आली. मंदिर जळाले तो हा दिवस. आदल्या संध्याकाळपासून इस्राएली लोक पाणीदेखील घेत नाहीत, जमिनीवर बसतात आणि उजाड झालेल्या नगरीचा विलाप वाचतात. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला उपास सोडायचा तो कडव्या वालांच्या बिरड्याने. म्हणून कोकणात या दिवसाला बिरड्याचा सण असेच म्हणतात. सण म्हणायचा, पण त्यात गोडधोड काही नाही. दोन दिवस आधीपासून घरोघरी वाल भिजतात, फडक्यात बांधून मोडाला टांगले जातात आणि नवमीच्या दुपारी बायका ते कोमट पाण्यात टाकून सोलायला बसतात.

एलोजी तेल्याच्या घरीही वाल टांगलेले होते. त्याच्या बायकोने, सिपोराने, दिवस भरत आलेले असतानाही स्वतः भिजवले होते. नवमीच्या पहाटे तिला कळा सुरू झाल्या. सुईण आली, शेजारची लेयाबाई आली. सूर्य वर यायच्या आत मुलगा झाला आणि थोड्याच वेळात सिपोरा गेली. रक्त थांबलेच नाही. दुपारी तिला माती दिली. ज्या हजानांनी सहा वर्षांपूर्वी तिचे लग्न लावले होते, त्यांनीच तिच्यासाठी शेवटची प्रार्थना म्हटली, आणि सगळा समाज उपाशीपोटी खाडीच्या कडेने परत आला.

लेयाबाईने बाळ फडक्यात गुंडाळून एलोजीपुढे आणले. तिच्या स्वतःच्या अंगावर पिते मूल होते. दोघांना दूध पुरवायला ती तयार होती. एलोजीने मान वळवली.

"माझ्यासमोर आणू नका त्याला. पांढऱ्या पायाचं आहे ते."

"असं बोलू नये, भावजी. त्याचा काय दोष?"

"दोष कुणाचा ते मला नका सांगू. आठव्या दिवशी नाव ठेवायचं असतं ना? माझ्या तोंडून नाव येणार नाही. तिचा भाऊ खाडीपलीकडे असतो, त्याच्याकडे पाठवून द्या. तो ठेवील काय ठेवायचं ते. पुन्हा इकडे आणू नका म्हणजे झालं."

आता, इस्राएलींमध्ये आठव्या दिवशी मुलाची सुंता होते आणि त्याच वेळी त्याला नाव मिळते. ते नाव बापाने सांगायचे. बाप जिवंत असून त्याने नाव सांगितले नाही, असे त्या गावात कधी घडले नव्हते. ज्या मुलाला बापाने दारातून परत पाठवले ते मूल जन्मभर कोणाच्या तरी ओसरीवर वाढणार, हे सगळ्यांना दिसत होते. आणि एलोजी बोललेला शब्द मागे घेणाऱ्यांतला नव्हता, हेही सगळ्यांना ठाऊक होते.

संध्याकाळी मनहेम हजानांसमोर उभा राहिला. "मला जाऊ द्या त्याच्याकडे. हे माझंच काम आहे."

"तुझंच का?"

"माझं नावच ते आहे, हजानबाबा."

हजानांनी पोथी मिटली. मग म्हणाले, "जा. लेयाबाईकडून जेवण घेऊन जा, शोक करणाऱ्याचा पहिला घास शेजाऱ्याच्या घरचा असतो. आणि तो बोलेपर्यंत तू बोलू नकोस. तेवढा एक नियम पाळ."

मनहेमला नियम ठाऊकच होता. शोकगृही गेल्यावर आपण आधी तोंड उघडू नये, हे त्याला पाठ होते. पण दारातून आत गेल्यावर त्याला दिसले, की एलोजी जमिनीवर भिंतीला टेकून बसला आहे, सदऱ्याचा गळा रिवाजाप्रमाणे फाडलेला आहे, कोपऱ्यात दिवा जळतो आहे आणि घरात कसलाही आवाज नाही. घाणा थांबलेला, बैल गोठ्यात. ती शांतता मनहेमला सोसेना. त्याने मसूर आणि उकडलेल्या अंड्यांचे ताट पुढे ठेवले, आणि घटकाही गेली नसेल तोच तोंड उघडले.

तो चांगलेच बोलला. पूर्वजांची माता राहेल हीसुद्धा बाळंतपणातच गेली, आणि तिच्या मुलापासून एक कुळ उभे राहिले, हे त्याने सांगितले. देवाच्या योजनेत काही व्यर्थ नसते, हे सांगितले. आजच्या पवित्र दिवशी मरण येणे हेसुद्धा एक भाग्य आहे, असेही तो म्हणाला. हे वाक्य त्याला वाटेतच सुचले होते आणि ते त्याला फार आवडले होते.

एलोजीने ताट दूर सारले. "हे घेऊन जा. मला खायचंच असेल तर तिने भिजवलेले वाल खाईन, नाहीतर काही खाणार नाही."

तेथे तरी मनहेमने गप्प बसायला हवे होते. पण पाठांतर चोख असलेल्या माणसाला चूक ऐकवत नाही. तो म्हणाला, "एलोजीभाऊ, स्वतःच्या घरचं अन्न पहिल्या घासाला शास्त्राप्रमाणे चालत नाही."

एलोजी उठला, ताट उचलून त्याने ओटीवर ठेवले आणि मनहेम बाहेर पडताच दार लावून घेतले. त्या माणसाचा आदल्या संध्याकाळपासून उपास होता. उपास सुटायची वेळ टळून गेली, पण त्या घरात काही शिजले नाही.

मनहेम परत आला तेव्हा हजानांनी एवढेच विचारले, "पहिला कोण बोललं?" मनहेम पोथ्या आवरू लागला. हजानांनी पुन्हा विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना आटोपून हजान स्वतः निघाले आणि मनहेमला बरोबर घेतले. एलोजीने दार उघडले, पाठ फिरवली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. हजान समोरच्या भिंतीपाशी जमिनीवर बसले. गुडघे दुखत होते, बसताना त्यांनी भिंतीला हात लावला. मग काहीच झाले नाही. मनहेमला वाटले, थोड्या वेळाने ते काहीतरी बोलतील. त्यांच्याजवळ तर किती होते बोलण्यासारखे. पण दुपार झाली, पाऊस येऊन गेला, दिव्यात लेयाबाईने तेल घातले, आणि हजान बसलेच होते. लोक रिवाजाप्रमाणे शोकघरी प्रार्थनेला आले आणि गेले. संध्याकाळी हजान उठले आणि निघाले.

वाटेत मनहेम म्हणाला, "दिवस गेला, हजानबाबा. तो दोन दिवस उपाशी आहे. खाडीपलीकडे निरोप गेलाय, सिपोराचा भाऊ मुलाला न्यायला येईल. आणि आपण नुसतेच बसून आलो."

"हो," हजान म्हणाले. त्या "हो"ने मनहेमच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हाताऱ्याचे डोके चालत नाही आता, असेही त्याच्या मनात येऊन गेले. मग त्याला तसे वाटल्याची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशीही तसेच बसणे झाले. मनहेमला आता दुसरे काही करायला नसल्यामुळे घर दिसू लागले. तिचे लुगडे वलणीवर तसेच होते. चुलीजवळ पाटा उभा करून ठेवलेला. आणि आढ्याच्या खुंटीला वालांचे फडके टांगलेले होते. कोणी त्याला हात लावला नव्हता. मोड वाढून फडक्याच्या विणीतून बाहेर आले होते, पांढरे, बोटभर. खाली जमिनीवर ओलावा होता. मनहेमच्या ध्यानात आले, की एलोजी इतका वेळ भिंतीकडे नाही, त्या फडक्याकडे पाहत होता. पहिल्या दिवशीही तो तिकडेच पाहत असणार. पण मनहेम तेव्हा बोलत होता.

दिवस कलताना एलोजीचा आवाज आला. घोगरा, वापरात नसलेला.

"वाल वाया चाललेत, हजानबाबा."

"हो रे," हजान म्हणाले.

"ती म्हणाली होती, उपास सुटायच्या आत सोलून ठेवते. म्हटलं, नको वाकूस, लेयावहिनी सोलतील. तर म्हणाली, वहिनींच्या हातच्या वालाच्या डाळिंब्या अर्ध्या फुटतात." एलोजी थांबला. "ऐकायची नाही ती कुणाचं."

 एलोजी मग बोलत राहिला. सिपोराला नारळाचे दूध जास्त घालायची सवय होती, त्यावरून त्यांची भांडणे होत. घाण्याचा बैल तिच्या हाकेला थांबे, याच्या नाही. तिला मुलगीच होणार असे वाटत होते. एवढे सगळे बोलून झाल्यावर हजान म्हणाले, "एलोजी, ते वाल मला दे."

एलोजी पाहतच राहिला. मनहेम चपापला. ज्या घरातली बाई जाऊन तीन दिवस झाले नाहीत, त्या घरात, उपाशी माणसाकडे, त्याच्या बायकोच्या हातची शेवटची वस्तू मागायची? भिकारीदेखील शोकगृहाच्या दारात हात पसरत नाही.

"न्या," एलोजी अखेर म्हणाला. "न्या काढून."

"मी काढणार नाही. तुझ्या हाताने दे."

एलोजी उठला. भिंतीच्या आधाराने तो खुंटीपर्यंत गेला. खुंटीवरून त्याने फडके सोडवले, थोडा वेळ हातात धरले आणि हजानांच्या ओंजळीत ठेवले. "दिलं," तो म्हणाला.

हजान ते घेऊन बाहेर पडले. ओट्यावरच्या लोकांनी पाहिले आणि एकमेकांकडे पाहिले. घरी येताच हजानांनी पाणी कोमट करायला सांगितले, परातीत वाल ओतले आणि मनहेमला समोर बसवले. काही वाल कुजले होते, ते त्यांनी बाजूला टाकले. उरलेले दोघे सोलू लागले.

"विचार आता," हजान म्हणाले. "केव्हापासून ओठ हलताहेत तुझे."

"आपण त्याच्याकडून मागून का आणले?"

"त्याला घास हवा होता तो तिच्या हातचा. शास्त्र सांगतं, पहिला घास दुसऱ्याच्या घरचा. दोघांचंही खरं आहे. तू त्याला शास्त्र सांगितलंस. त्याने ते पाळलं, बघ, तीन दिवस तो जेवला नाही. आता हे वाल त्याने दिले, मी घेतले. माझे झाले. माझ्या चुलीवर शिजतील आणि माझ्या घरून त्याच्याकडे जातील." एक मोड हळूच मोडून ते पुढे म्हणाले, "शास्त्र कुणी निर्दयपणे लिहिलेलं नाही, मनाजी. शोकातल्या माणसाला चुलीशी एकट्याने बसवू नये, एवढंच त्यात आहे. पण त्याला काय हवंय हे त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं. म्हणून आपण आधी बोलायचं नाही."

"पण त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वाल हवेत म्हणून."

"हो," हजान म्हणाले. "तुला सांगितलं होतं."

मनहेम खाली मान घालून सोलत राहिला. त्याच्या हातच्या डाळिंब्या अर्ध्या फुटत होत्या.

बिरडे हजानांनी स्वतः शिजवले. नारळाचे दूध जास्त घातले. ताट घेऊन दोघे गेले. एलोजीने पहिला घास तोंडात घातला आणि म्हणाला, "कडू झालेत."

"फार दिवस झाले ना. होणारच."

एलोजी खात राहिला. खाता खाताच त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते त्याने पुसले नाही. ताट संपल्यावर तो म्हणाला, "हजानबाबा, त्या पोराचं मी काय करू? त्याच्या पायानं घर बुडालं माझं."

तेव्हा हजान बोलले. "जुने लोक एक गोष्ट सांगत. मंदिर जळालं त्याच दिवशी एका बाईला मुलगा झाला. तीही म्हणाली, हा पांढऱ्या पायाचा, याच्या पायानं आपली नगरी गेली, मला हा नको. वाटेने जाणारा एक माणूस तिला म्हणाला, बाई, याच्या पायानं पडलं असेल तर याच्याच पायानं उभंही राहील. त्या मुलाचं नाव मनहेम होतं. आपण नवमीला जो विलाप वाचतो, त्यात ती उजाड नगरी पुन्हा पुन्हा एकच सांगते, की मला धीर देणारं कुणी नाही. आणि आपले पंडित म्हणत, होता. त्याच दिवशी जन्मला होता, फडक्यात गुंडाळलेला. आगीच्या धुरात कुणाला दिसला नाही."

"मग उभं राहिलं का मंदिर?"

"नाही," हजान म्हणाले. "अजून नाही. खोटं कसं सांगू?"

एलोजीने रिकामे ताट उचलून हजानांच्या हाती दिले. दोघे निघाले. गल्लीच्या वळणावर मनहेम थांबला. त्याने खूप वेळ मनात धरलेला प्रश्न विचारला. "मी तर नवमीला जन्मलो नाही. मग माझं हे नाव कुणी आणि का ठेवलं?"

"मी ठेवलं. तुझ्या बापाने मला मान दिला, तुम्हीच सुचवा म्हणाला." हजानांनी खाडीकडे पाहिले. "तुझ्या जन्माच्या आठवड्यात माझा मुलगा गेला. तापाने. एकच होता. सात दिवस जमिनीवर बसलो आणि उठलो तो सरळ तुझ्या नामकरणाला आलो. तू मांडीवर होतास, रडत होतास, आणि माझ्या ओठांवर दुसरं नावच येईना. तू धीर देणारा आहेस असं वाटलं म्हणून ते नाव ठेवलं नाही, बाळा. मला धीर हवा होता म्हणून ठेवलं. हे नाव ज्याला ठेवतात त्याची ती पदवी नसते. ठेवणाऱ्याची ती हाक असते."

दोघे पुन्हा चालू लागले. चालता चालता मनहेमने विचारले, "मिळाला का धीर?"

"थोडा," हजान म्हणाले. "पुरेसा नाही. पण तू रोज येत होतास."

आठवा दिवस उजाडला. मशिदीत एलिया संदेष्ट्यासाठी रिवाजाप्रमाणे रिकामी खुर्ची मांडली होती. सिपोराचा भाऊ खाडीपलीकडून आला होता. त्याची होडी धक्क्याला बांधलेली होती. लेयाबाईने बाळ आणून हजानांच्या मांडीवर दिले. एलोजी आला नव्हता. विधी झाला, बाळ रडले, आणि नाव सांगायची वेळ आली. हजान गप्प बसले. लोक कुजबुजू लागले, मामा पुढे सरकला. हजानांनी हात वर करून त्याला थांबवले आणि पुन्हा गप्प बसले. बसणे त्यांना येत होते.

दारात एलोजी उभा राहिला. दाढी वाढलेली, फाडलेल्या गळ्याचा तोच सदरा. तो आत आला नाही. बाळाकडे त्याने पाहिलेही नाही. जमिनीकडे पाहत होता.

"एलोजी, नाव सांग," हजान म्हणाले.

  "मनहेम," तो म्हणाला, आणि चौकट धरून खाली बसला.

शिष्याने जन्मभर आपले नाव हजारदा उच्चारले होते, पण ते असे कोणाच्या तोंडून त्याने कधी ऐकले नव्हते. अर्थ सांगावा असे त्याच्या मनातही आले नाही. तो उठला, दारापाशी गेला आणि एलोजीच्या शेजारी जमिनीवर बसला. काही वेळाने लेयाबाईने बाळ आणून दोघांच्या मध्ये धरले. एलोजीने ते लगेच घेतले नाही. पण या वेळी त्याने मान वळवली नाही.

धक्क्यावरची होडी भरतीबरोबर परत गेली, तेव्हा तिच्यात मामा एकटाच होता.

आपल्याही ओळखीत कुणाचे घर असे बसले असेल. तिथे जायचे झाले तर शब्द घरी ठेवून जावे, आणि खुंटीला काय टांगले आहे ते पाहावे.